मध्ये उतरलेला उतारू

आमच्या घरात शहाणपणाची सगळी भाषा तिकिटाची होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सांगोल्याच्या आगारात एस. टी.चे कंडक्टर होते. आणि माणसांविषयीची त्यांची मते संध्याकाळी त्या चामड्याच्या पिशवीबरोबरच घरी येत. लहानपणी सुट्टीत मी कधी कधी त्यांच्या गाडीवर पंढरपूरपर्यंत जात असे. एकदा वाटेतल्या कुठल्याशा थांब्यावर एक शेतकरी आमच्या गाडीत चढला. आधीच्या गाडीतून तो चहा प्यायला म्हणून उतरला होता. चहा लांबला आणि गाडी निघून गेली. मघाचेच तिकीट तो अण्णांपुढे धरू लागला. अण्णांनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे परत दिले.

"बाबा, गाडी बदलली की तिकीट बदललं. मध्ये उतरलेल्या उतारूला नवं तिकीट."

शेतकऱ्याने पुष्कळ गयावया केली. अखेर धोतराच्या सोग्याची गाठ सोडून पैसे काढले. मला त्याची कणव आली आणि अण्णांचा थोडासा रागही. परतीच्या खेपेला मी तसे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "गाडी बिघडली असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिला कंडक्टर उतारूंना पुढच्या गाडीत स्वतः बसवून देतो. त्यांच्याकडून पुन्हा पैसे घ्यायचे नसतात. पण हा आपल्या पायानं उतरला होता."

गाडी बिघडणे आणि आपल्या पायाने उतरणे, यांतला हा भेद मला पुढे स्वतःच्याच बाबतीत सोडवावा लागला. आणि तो नीटसा सुटला असे अजूनही म्हणवत नाही.

२००८ साली बारावी होऊन मी गावच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला नाव घातले. पुढच्या जानेवारीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि तिकिटे फाडणारी ती बोटे अंथरुणावर नुसती पडून राहू लागली. 'परिस्थितीमुळे शिक्षण सोडावे लागले' हे वाक्य मी नंतर अनेक अर्जांत आणि अनेक पाहुण्यांपुढे वापरले. ते खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. कॉलेज सोड, असे घरात मला कोणीही म्हणाले नव्हते. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी सोलापूरच्या इस्पितळात अण्णांच्या उशाशी होतो. पण विलंब-आकार भरून अर्ज देण्याची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी गावातच होतो, कॉलेजच्या रस्त्यावरून दोनदा गेलोही होतो. त्या दुसऱ्या दिवसाविषयी मी आजवर कोणाला काही सांगितलेले नाही.

मग पाच वर्षे मी डाळिंबाच्या एका आडतीवर हिशेब लिहिले. सांगोल्याकडचे डाळिंब आपण दिल्लीत किंवा कोलकात्यात खाल्ले असेल. त्याच्या मागची हिशेबपट्टी मात्र आपल्या पाहण्यात येण्याचे कारण नाही. मालाच्या रकमेतून तेव्हा हमाली, तोलाई, आडत आणि आगाऊ उचल वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती जे पडे ते त्या चिठोऱ्यावर असे. ती पट्टी वाचताना माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे मी खातेवही लिहिता लिहिता शिकलो.

२०१४ साली तालुक्यातल्या एका महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या योजनेतून 'सामुदायिक महाविद्यालय' मिळाले. नाव भारदस्त, प्रत्यक्षात ग्रंथालयामागची एक लांबट खोली, वीसेक संगणक आणि आम्ही तिसांच्या आत-बाहेरचे विद्यार्थी. ही कल्पना मूळची अमेरिकेची. शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ साली तिथले अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले, ते अशासाठी की मुलांना पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकता यावीत आणि पुढची विद्यापीठात जाऊन पुरी करता यावीत. आपल्याकडे पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये हा प्रयोग प्रथम केला. आयोगाच्या योजनेत एका वर्षाच्या पदविकेला ६० श्रेयांक असत: २४ सर्वसाधारण शिक्षणाचे आणि ३६ कौशल्याचे. आमचा विषय लेखाकर्म आणि करप्रणाली. सकाळी वर्ग, दुपारी आडत. कौशल्याचे बरेचसे तास तर मी आडतीवरच भरले, आणि त्याबद्दल सरांनी माझ्या वहीवर सही केली तेव्हा मला मोठी गंमत वाटली. जे काम मी पोटासाठी करत होतो ते अभ्यास म्हणून मोजले जात होते! २०१५ च्या उन्हाळ्यात पदविका हातात पडली. दोनच वर्षांनी, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि माझे निम्मे ज्ञान नियत वयोमानाच्या कितीतरी आधी सेवानिवृत्त झाले. ते असो.

सरांनी निरोपाच्या दिवशी सांगितले होते, "हे साठ श्रेयांक जपून ठेव. पुढे पदवीला घेशील तेव्हा उपयोगी पडतील." मी जपून ठेवले. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, ट्रंकेच्या तळाशी.

कर्मचारी निवड आयोगाची बारावीच्या पात्रतेची परीक्षा देऊन मी २०१८ साली दिल्लीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. आता या पदाला निराळे लांब नाव आहे, पण टेबल तेच. माझ्याकडे आस्थापना शाखेतल्या सेवापुस्तिका आल्या. आपल्यापैकी ज्यांनी ते काम केले असेल त्यांना ठाऊक आहे की, सेवापुस्तिका हे एका माणसाचे फार विश्वासू आणि फार कोरडे चरित्र असते. त्यात त्याच्या अंगावरची ओळखीची खूण असते, वेतनवाढी असतात, रजा असतात. आणि पहिल्याच पानावर शैक्षणिक अर्हता असते. माझ्या स्वतःच्या पुस्तिकेत त्या रकान्यात 'बारावी' एवढेच लिहिले होते, कारण पदाला तेवढेच पुरेसे होते. पदविका कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही.

चार वर्षे हे मला टोचले नाही. २०२२ च्या आरंभी मुलीच्या शाळेचा अर्ज भरायला बसलो. आईचे शिक्षण: बी. एस्सी. पित्याचे शिक्षण या रकान्यापाशी माझी लेखणी क्षणभर थांबली. पत्नी शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "पदविका आहे ना तुमची, ती लिहा की." तिच्या स्वरात उणे काही नव्हते, उलट मला सांभाळून घेण्याचीच धडपड होती आणि तीच मला सहन झाली नाही. मी 'बारावी' लिहिले. त्या रात्री ट्रंक उघडली.

नोकरी करणाऱ्या माणसाला पदवी घेण्याची सोय या देशात आता जुनी झाली आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादेस देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तेव्हापासून किती कारकून, शिपाई, परिचारिका आणि संसारी बायका रात्री दिव्याखाली बसून पदवीधर झाल्या असतील! मीही अशाच एका विद्यापीठाचे माहितीपत्रक आणले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष असलाच तर तो एखाद्या संस्थेचा नव्हता.

जुलैमध्ये अर्धा दिवस रजा टाकून मी खिडकीपाशी गेलो. खिडकीपलीकडे माझ्याच वयाचा एक गृहस्थ होता. मी पदविकेचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रक पुढे सरकवले आणि श्रेयांक वर्ग करून घेण्याविषयी विचारले. त्याने कागद हातात घेतला, पालथा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा उलटला. मला अण्णांची आठवण झाली. आणि लगेच, कागद असाच उलटून पाहण्याची सवय मलाही आहे हे ध्यानात आले.

"भाईसाहब, पढ़ाई तो ठीक है," तो सौजन्याने म्हणाला, "लेकिन हमारे यहाँ यह बैठेगी किसमें?"

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. श्रेयांक वर्ग होतात ते विषयाला विषय जुळला तर. माझ्या गुणपत्रकावरचा 'कौशल्य घटक' त्यांच्या बी. कॉम.च्या कोणत्याच विषयाशी जुळत नव्हता. शिवाय मापेही वेगळी. आमच्याकडे एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासिका, तर दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. मी 'श्रेयांक बँके'चेही विचारून पाहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली एक उदार कल्पना मांडली होती: विद्यार्थ्याने वाटेत उतरावे, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घ्यावी, आणि जमेल तेव्हा पुन्हा चढावे. त्यासाठी जुलै २०२१ मध्ये ही बँक निघाली. श्रेयांक तिच्यात ठेवायचे आणि सात वर्षांच्या आत वापरायचे. पण तिच्यात ठेव घेतली जाते ती २०२१-२२ या वर्षापासून पुढच्या अभ्यासाची. माझी मिळकत २०१५ सालची. नोटाबंदीनंतर आजीच्या गाठोड्यात सापडणाऱ्या नोटांसारखी ती खरी होती, कष्टाचीही होती, फक्त कोणी घेणार नव्हते.

मी सरांना पत्र लिहिले. त्यांनी आठवड्याच्या आत अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत पाठवली. पुस्तकाएवढी जाड, तासातासाचा हिशेब असलेली. सोबत दोन ओळी होत्या: 'आपला तो वर्ग आता चालत नाही. परंतु कागद सर्व नीट ठेवले आहेत.' ते बाड मी खिडकीशी नेले. गृहस्थाने ते मनापासून चाळले आणि मान हलवली. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षात, पहिल्या विषयापासून माझे नाव दाखल झाले. वय वर्षे बत्तीस.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. आजारपणानंतर त्यांचे बोलणे सावकाश झाले आहे, पण रोजचे दोन प्रश्न चुकत नाहीत: गाडीला गर्दी होती का, आणि त्या गाडीत अजून कंडक्टर ठेवला नाही का. मेट्रोवर त्यांचा विश्वास नाही. तिकीट यंत्र देते हे त्यांना पटते. पण अडचणीच्या वेळी उतारूने विचारायचे कोणाला, याचे उत्तर मी त्यांना देऊ शकलेलो नाही. मी त्यांना दिवसभराची हकीकत सांगितली.

बराच वेळ पलीकडे शांतता होती. मग ते म्हणाले, "तू सांगितलं नाहीस का त्यांना, गाडी बिघडली होती म्हणून?"

"अण्णा, त्या पदविकेचा नि त्याचा काय संबंध?"

"पदविकेचं नाही म्हणत मी. पहिल्या गाडीचं म्हणतोय." थोडे थांबून ते म्हणाले, "माझ्यामुळं बिघडली होती ती."

तेरा वर्षांत ते या विषयावर पहिल्यांदा बोलले. त्या दुसऱ्या तारखेचे सांगायचे तर तो क्षण होता. कॉलेजच्या रस्त्यावरून मी दोनदा गेलो आणि आत वळलो नाही. परीक्षेची मला धास्ती वाटत होती आणि अण्णांचे आजारपण ही मला मोठी सोयीची आड मिळाली होती. हे मी बोललो असतो तर त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले असते, की 'पोरगा आपल्या पायाने उतरला होता' हे नवे ओझे चढले असते? मला ठरवता आले नाही. मी "तसं काही नाही, अण्णा" एवढेच म्हणालो. अशा वेळी माणसे नेहमी हेच म्हणतात.

झोप लागेना तेव्हा मनात एक नस्ती घोळू लागली. आठ-दहा दिवसांपूर्वी मी ती निकालात काढली होती. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रीय कार्यालयातून राजीनामा देऊन आमच्याकडे रुजू झालेल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने मागची सेवा जोडून मिळण्याचा अर्ज केला होता. नियम आपणा सर्वांना माहीत आहे. साधा राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. परंतु नव्या पदासाठीचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे जुन्या कार्यालयाच्या हातून गेला असेल, तर तो राजीनामा तांत्रिक ठरतो आणि सेवा, साठलेली रजा, वेतन हे सारे बरोबर येते. अर्ज योग्य मार्गाने गेला होता असे त्याचे म्हणणे होते. पण नस्तीवर ते अग्रेषणपत्र नव्हते. मी टिपणी लिहिली होती की पुरावा नाही, सबब मागणी नियमात बसत नाही. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. चार वर्षे आणि दोन महिन्यांची सेवा होती ती.

'बसत नाही.' मला वाटते आपल्या कारकुनी भाषेतली ही सर्वांत निर्धोक क्रियापदे असावीत. त्यात कोणीच काही करत नाही. ती गोष्ट आपणहूनच बसत नाही.

अण्णांच्या नियमाप्रमाणे बिघडलेल्या गाडीच्या उतारूला पुढच्या गाडीत बसवून देणारा पहिला कंडक्टर हवा. योग्य मार्ग म्हणजे दुसरे काय आहे? जोलिएटच्या त्या कॉलेजातले विद्यार्थी पुढे विद्यापीठात गेले ते काही नुसत्या प्रमाणपत्राच्या बळावर नव्हे. पलीकडच्यांनी त्यांना घ्यायचे असे दोन्हीकडच्यांचे आधीच ठरले होते. आपण सामुदायिक महाविद्यालयाची खोली उभी केली, संगणक आणले, श्रेयांक मोजले. योजनेच्या कागदावर पुढची वाट होतीही, पण ती त्याच कौशल्यातल्या पदवीकडे जाणारी होती. घरापासून दूर टेबलाला बांधलेला माणूस पुढे दुसऱ्याच गाडीत चढणार, हे कोणाच्या लक्षात आले नसावे. सरांनी आपल्या बाजूने हात धरून मला दारापर्यंत आणले. आत घ्यायला पलीकडे कोणी उभे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ती नस्ती अभिलेखातून परत मागवली. नियम मोडण्याचा प्रश्नच नव्हता. मी एवढेच केले की, त्याच्या जुन्या कार्यालयाला त्या पत्राविषयी विचारणा करणारे पत्र मांडले, जे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. उत्तर आले नाही. स्मरणपत्र गेले, दुसरे गेले. तिसऱ्या महिन्यात अग्रेषणपत्राची साक्षांकित प्रत आली, जावक क्रमांकासह. सेवा जोडली गेली. तो तरुण मिठाईचा डबा घेऊन आला आणि आभार मानू लागला. पहिली टिपणी कोणी लिहिली होती हे त्याला माहीत नव्हते. मी डबा शाखेत सर्वांना वाटायला लावला आणि मला काम असल्याचे दाखवले.

अभ्यासाची ती तीन वर्षे एका परीने फार गोड होती. प्रथम कार्यालयाची ना-हरकत हवी होती. माझ्याच अर्जावरची टिपणी मांडण्याची पाळी शेजारच्या टेबलावरच्या बिहारी सहकाऱ्यावर आली आणि त्याने ती इतक्या अलंकारिक हिंदीत लिहिली की साहेबांनी सही करताना माझ्याकडे वर पाहिले. पुस्तकांचा गठ्ठा आला. द्वारका मोडहून मंडी हाऊसपर्यंतचा मेट्रोतला प्रवास हा माझा अभ्यासाचा तास झाला. उभ्याने वाचायची सवय मला एस. टी.ने लावलेलीच होती. प्रत्येक पाठाच्या मध्ये 'आपली प्रगती तपासा' म्हणून प्रश्न असत आणि त्यांची उत्तरे पाठाच्या शेवटी छापलेली असत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पाहणारे कोणीही नसताना, ती पाने आधीच उलटून न पाहणे किती अवघड जाते, हे मी शपथेवर सांगू शकेन.

रविवारी एका महाविद्यालयात मार्गदर्शनाचे वर्ग असत. तिथे गॅसच्या दुकानातला एक हिशेबनीस होता, निवृत्तीला दोन वर्षे उरलेला एक हवालदार होता, आणि नवऱ्यामागे त्याचे कापडाचे दुकान चालवणारी एक बाई होती. ती पहिल्याच बाकावर बसे आणि एकही प्रश्न सोडत नसे. लेखाकर्माच्या पहिल्या तासाला प्राध्यापकांनी विचारले की, खरीखुरी खतावणी कोणी कोणी हाताळली आहे? तीन हात वर झाले: तिचा, हिशेबनिसाचा आणि माझा. फळ्यावर जमाखर्चाच्या नोंदी येऊ लागल्या तसतशी मला आडत दिसू लागली. 'देय खर्च' म्हटले की हमाली, 'आगाऊ रक्कम' म्हटले की शेतकऱ्याची उचल. नुसत्या तासिकांच्या मापाने धरले तरी साठ श्रेयांकांचे नऊशे तास होतात. ते कोणी जमेस धरले नव्हते, आणि तरी ते तिथे माझ्या शेजारी बाकावर बसलेले होते. लेखाकर्मात मला पहिल्या वर्षी जे गुण पडले ते पाहून पत्नीने माझी दृष्ट काढण्याची भाषा केली. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात नापास झालो तेव्हा ती भाषा आपोआप मिटली.

परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. दिल्लीतले हे दोन महिने ज्याने काढले आहेत त्याला अधिक सांगणे नलगे. केंद्र एका शाळेत होते आणि बाके सहावीच्या मुलांच्या मापाची. मी दारातून आत शिरताना पर्यवेक्षिकेने मला थांबवले, "अभिभावक बाहर रुकेंगे." मी प्रवेशपत्र दाखवले. ती ओशाळली आणि पंख्याखालची जागा मला दिली. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या खेपेला जूनची लू खिडकीतून येत होती, घाम उत्तरपत्रिकेवर टपकत होता, आणि मला एकाएकी फार बरे वाटले. कारण ज्या धास्तीपायी मी अठराव्या वर्षी कॉलेजच्या फाटकाशी वळलो नव्हतो ती हीच, हे मी ओळखले, आणि ती ओळखत ओळखतच पुढचे गणित सोडवत राहिलो.

घरी रात्री जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मुलगी बाराखडी गिरवी आणि दुसऱ्या टोकाला मी स्वाध्याय लिही. "बाबा, तुमच्या बाईंनी तुम्हाला किती पानं दिली?" हा तिचा नित्याचा प्रश्न. माझी पाने जास्त असत याचा तिला आनंद होई.

२०२५ च्या पावसाळ्यात अखेरचा निकाल लागला. दुसरा वर्ग, काही थोर नव्हे. अर्हतेची नोंद सेवापुस्तिकेत व्हावी म्हणून मी रीतसर अर्ज केला. आपल्याच पुस्तिकेत आपण लिहायचे नाही, म्हणून ती मी शेजारच्या सहकाऱ्याकडे दिली. त्याने 'बारावी'च्या अगदी खालच्या ओळीवर, एक तसूही न सोडता, सुबक अक्षरात बी. कॉम. लिहिले, वर्ष लिहिले, आणि टोपण लावता लावता विचारले, "और कुछ है क्या?"

मी खणातून प्लॅस्टिकचे पाकीट काढले. त्याने पदविका पाहिली, मग पान पाहिले आणि कपाळाला हात लावला. वर्षाच्या क्रमाने ती मधल्या ओळीत यायला हवी होती आणि मध्ये ओळ उरली नव्हती. खाडाखोड चालत नाही. शेवटी त्याने पुस्तिका आडवी फिरवली आणि समासात, बारीक अक्षरांत, उभ्या ओळीने ते सगळे लिहिले: पदविका, २०१५, श्रेयांक ६०. साहेबांनी दोन्ही नोंदींखाली सही केली. समासातल्या सहीसाठी त्यांनाही मान वाकडी करावी लागली.

घरी आल्यावर त्या पानाचे छायाचित्र मी अण्णांना पाठवले. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. खालची ओळ त्यांनी वाचली होती. आईकडूनही वाचून घेतली होती.

"आणि कडेला हे आडवं काय लिहिलंय? लागत नाही मला."

मी वाचून दाखवले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचले. मग मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. २००९ सालचं."

"सांग," ते म्हणाले. "पण आधी हे सांग, आज गाडीला गर्दी होती का?"